आवाजाला दाखला कशाला मागता?

मैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. आठ मार्चच्या कार्यक्रमात मी एका बाईचं गाणं बंद केलं. आणि तेही स्त्रीमुक्तीच्या नावाने.

गेल्या वर्षीची गोष्ट. वलगावातल्या आमच्या बचत गटांचा कार्यक्रम होता. हरभऱ्याची सोंगणी चालू होती, त्यामुळे बाया मजुरीवरून येऊन, हातपाय धुऊन संध्याकाळी समाजमंदिरात जमल्या. भाषणं सुरू व्हायला वेळ होता. गटातल्या एका पोरीने मोबाइल स्पीकरला जोडून सुलोचना चव्हाणांची एक जुनी, सिनेमातली लावणी लावली. दोनचार पोरी टाळ्यांनी ताल धरू लागल्या. आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेली सत्तरीची एक मावशी एकदम गायला लागली. रेकॉर्डच्या मागून नाही, रेकॉर्डच्या पुढे. ओळ कुठे वळणार हे तिला आधीच ठाऊक होतं. गाता गाता ती उठून उभी राहिली.

बाया हसल्या. कुणी पदर तोंडाला लावला. कुणी म्हणालं, "जुनी सवय, जात नाही." मावशी तरुणपणी तमाशाच्या फडात गायची, बहिरमच्या यात्रेत फड उतरला असताना एका माणसाबरोबर इकडे आली आणि इथेच राहिली, हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मी पुढे झाले, मोबाइल उचलला, लावणी बंद केली आणि चळवळीचं गाणं लावलं. मावशी खाली बसली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पोहे वाटायच्या आत ती निघून गेली होती.

पुढच्या तीन बैठकांना ती आली नाही, तेव्हा मी तिच्या घरी गेले. तिने चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "ताई, तुमचं गाणं वाईट हाय असं मी नाही म्हणत. पण माह्यं काहून बंद केलं?" माझ्याकडे उत्तर होतं. लावणी पुरुषांच्या नजरेसाठी लिहिली जाते, बाईला वस्तू करते, वगैरे. मी ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते खरंच असंन. पण मले एक सांग, त्या पेटीतल्या बाईले पैसे भेटले का व? आमचा फड एकदा कॅशेटवाल्यानं भरून नेला होता. रात्रभर गायलो. मालकाले पैसे भेटले, आमाले एकेक लुगडं."

एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मला, असंघटित कामगारांवर प्रबंध लिहिलेल्या मला, हा प्रश्न कधी सुचला नव्हता. बाई गात असली की ती काम करत आहे, हेच मी विसरले होते.

सगळ्यात आधी कोण गायलं?

ग्रामोफोन कंपनीने भारतात पहिली मोठी ध्वनिमुद्रणं केली १९०२ साली, कलकत्त्यात. त्यात सगळ्यात गाजलं ते गौहर जान यांचं नाव. गाणं संपल्यावर त्या इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगत. आज ते ऐकून लोकांना गंमत वाटते. पण त्यामागे कामाची गरज होती. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं कोणतं हे कळायला हवं होतं. मला मात्र ते ऐकताना वेगळंच वाटतं. एक कामकरी बाई आपल्या मालावर स्वतःच्या आवाजात शिक्का मारते आहे.

त्या काळात भोंग्यात तोंड घालून गायला कोण तयार झालं? 'चांगल्या घरच्या' बायका नाहीत. गौहर जानसारख्या तवायफ, आपल्याकडच्या कलावंतीण, नायकिणी, देवदासी घराण्यांतल्या मुली. ज्यांना समाजाने आधीच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, त्याच नव्या यंत्रासमोर पहिल्यांदा उभ्या राहिल्या. आज ज्याला आपण अभिजात म्हणतो, ज्याच्या सीड्या लग्नात भेट देतो, त्याचा पाया या बायकांच्या गळ्याने घातला आहे.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर त्यातल्याच. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन यानं अंतराळात सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. पृथ्वीवरच्या माणसांचा आवाज म्हणून निवडलेलं त्यातलं भारतातलं एकमेव गाणं केसरबाईंची भैरवी. साडेतीन मिनिटांची. गंमत बघा, त्याच तबकडीवर अमेरिकेतून चक बेरी आहे, ब्लाइंड विली जॉन्सन आहे, लुई आर्मस्ट्राँगचं वाद्यवृंद आहे, पण नाव घेऊन सांगावी अशी एकही अमेरिकन गायिका नाही. आमची कलावंतीण घराण्यातली बाई मात्र आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई वारल्या.

मी ती भैरवी मोबाइलवर पुष्कळदा ऐकली आहे. शास्त्रीय गाण्यातलं मला फार कळत नाही. पण एवढं कळतं, की या बाई परवानगी मागून सुरुवात करत नाहीत. पहिल्याच स्वराला आवाज पूर्ण भरलेला असतो. लाजणं नाही, आर्जव नाही. आणि जाणकार या आवाजाला काय म्हणतात? 'मर्दानी'! म्हणजे आवाजात दम असला की तो पुरुषाचा. बाईचा दम बाईच्या नावावर जमा करायला आपल्या भाषेत शब्दच नाही का?

हिराबाई बडोदेकरांच्या आवाजाला दुसरे शब्द: सोज्वळ, सात्त्विक, घरंदाज. हिराबाई गोड गायच्या, यात वादच नाही. पण त्यांचं चरित्र वाचा. १९२२ मध्ये त्यांची आई, ताराबाई माने, पाच मुलांना घेऊन अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घरातून बाहेर पडली. नवऱ्याचं नाव टाकलं. मुलांनी नवीन आडनावं घेतली. पुढे हिराबाई तिकीट लावून जाहीर बैठका करणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक झाल्या. हावभाव न करता, मांडी घालून, नुसतं गाणं गायचं आणि लोकांनी पैसे देऊन ऐकायचं, हे त्यांनी रुजवलं. नाटक कंपनीसुद्धा चालवली. एवढी धाडसी कामकरी बाई! पण तिचं धाडस आपण 'सोज्वळ' या एका शब्दाखाली झाकून टाकलं.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. पुरुष गायला की आपण त्याचा सूर, लय, तयारी बघतो. बाई गायली की तिच्या आवाजात तिचं चारित्र्य शोधतो. सोज्वळ, ठसकेबाज, मादक, घरंदाज ही संगीताची भाषा नाही. ही पोलीस पाटलाने द्यायच्या दाखल्याची भाषा आहे.

दाखला देणारे

दाखल्याची गोष्ट मी उगीच काढत नाही. १९४६ साली अंतरिम सरकार आलं, नभोवाणी खातं सरदार पटेलांकडे गेलं, आणि ज्यांचं खाजगी आयुष्य म्हणजे उघड बदनामीचा विषय आहे अशा गायिकांना आकाशवाणीवर बंदी आली. म्हणजे कुणाला? ज्यांच्या जिवावर रेडिओ उभा राहिला त्या बाईजींना. लग्न झालेलं असेल तर गाता येईल. मग 'बाई' आणि 'जान' जाऊन 'देवी' आणि 'बेगम' आल्या. सूर तोच, गळा तोच, बदललं ते कुंकू. ज्या पुरुषांच्या पैशावर कोठे चालले त्यांचं खाजगी आयुष्य कोणत्या खात्याने तपासलं? वाजवणाऱ्या उस्तादांकडे कुणी लग्नाचा दाखला मागितला?

हे फक्त आपल्याकडेच, असं मला वाटायचं. पण एम.एस.डब्ल्यू. करताना वसतिगृहात माझी खोलीतली मैत्रीण रात्री दिवा मालवून अमेरिकेतल्या जुन्या गायिका ऐकायची. बेसी स्मिथ, बिली हॉलिडे. दोघी काळ्या, दोघी गरिबीतून आलेल्या. इंग्रजी शब्द मला अर्धेच कळायचे. नंतर मी त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा आपलीच गोष्ट परक्या मुलखात सापडल्यासारखी वाटली.

बिली हॉलिडेला १९४७ मध्ये अंमली पदार्थ जवळ ठेवल्याबद्दल तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा क्लबांत गायचा परवाना तिला परत मिळाला नाही. म्हणजे १९४८ मध्ये कार्नेगी हॉलसारख्या मोठ्या सभागृहात ती गाऊ शकली, हजारोंनी ऐकलं, पण रोजची भाकर जिथे मिळायची ते क्लब बंद. आपल्याकडे लग्नाचा दाखला, तिकडे पोलिसांचा परवाना. वर्षंसुद्धा जवळजवळ तीच! ज्यांनी हे पदार्थ विकून बंगले बांधले, त्यांचं काय झालं हे विचारू नका.

याच बिलीने १९३९ मध्ये, गोऱ्यांनी मारून झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं गाणं गायलं. तिची नेहमीची कंपनी ते छापायला तयार झाली नाही. शेवटी कमोडोर नावाच्या एका लहान कंपनीने छापलं. २००६ ची खैरलांजी आपल्या विदर्भात घडली आहे. ते गाणं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

बिलीच्या शेवटच्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांत आवाज फाटलेला आहे. शौकीन म्हणतात, आहा, काय वेदना! माझं मत सांगते, मला या 'आहा'चा राग येतो. वेदना तर माझ्या वलगावच्या प्रत्येक घरात आहे, त्याच्या तबकड्या निघत नाहीत. बिली ताल पुढे जाऊ देते, शब्द मुद्दाम मागे ठेवते, आणि तरीही नेमक्या जागी पोचते. हे कसब आहे. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं कसब. बाईचं कसब बघायचं नसलं की लोक तिचं दुःख बघतात. ते ऐकायला फुकट असतं.

हिशोब

आता मावशीच्या प्रश्नाकडे येते. त्या पेटीतल्या बाईले पैसे भेटले का?

बेसी स्मिथची पहिली रेकॉर्ड १९२३ ची, प्रचंड खपली. तिला मिळाले ते गाण्यामागे ठरलेले पैसे. खपाच्या प्रमाणात वाटा नाही. १९३७ मध्ये मोटार अपघातात ती गेली. तिच्या कबरीवर १९७० पर्यंत साधा नावाचा दगड नव्हता. तो बसवायचा खर्च केला तोही दोन बायकांनी. एक गायिका जॅनिस जॉपलिन, दुसरी जुआनिटा ग्रीन.

आपल्याकडे १९४९ च्या 'महल' सिनेमातलं गाणं तुम्हाला माहीत आहे. त्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून लिहून विचारलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. पुढे १९६० च्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मिळालीच पाहिजे अशी भूमिका घेतली. त्यावरून मोहम्मद रफींशी मतभेद झाले आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. तेव्हा त्यांना काय म्हटलं गेलं असेल, आणि आजही काय म्हटलं जातं? पैशाला चिकट. पांढऱ्या साडीतली सरस्वती म्हणून ज्यांना हार घालायचे, त्यांनीच हिशोब मागितला की कपाळाला आठ्या! कायद्याने गायकांचे हक्क मानले ते १९९४ च्या दुरुस्तीने, आणि रॉयल्टीतला त्यांचा वाटा पक्का झाला २०१२ मध्ये. म्हणजे गौहर जाननंतर एकशे दहा वर्षांनी.

लताबाईंना निदान मागायची ताकद मिळाली. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाले, आणि २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चाला पैसे नव्हते. मेडलाने पोट भरत नाही. आणि ज्यांचं नावही कुठे छापलं गेलं नाही, त्या आमच्या मावशीसारख्यांचं काय? एक लुगडं.

आपलं काय चुकतं

मला माहीत आहे, काही मैत्रिणी म्हणतील, म्हणजे आता लावणी डोक्यावर घ्यायची का? नाही. पुष्कळ लावण्यांत बाई म्हणजे पुरुषाने चाखायचा पदार्थ आहे. त्या लिहिल्या पुरुषांनी, चाली दिल्या पुरुषांनी, समोर बसले पुरुष. तमाशाच्या फडांत कोल्हाटी, महार, मांग जातींच्या मुली का होत्या, आणि ज्यांच्यासाठी नाचल्या ते कोणत्या जातींचे होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. १९३६ मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी देवदासी, मुरळी, जोगतिणींच्या सभेत हा व्यवसाय सोडा असं सांगितलं. आमच्या भागातल्या कितीतरी घरांनी ते मनावर घेतलं आणि त्यांच्या मुली आज शिक्षिका, नर्स आहेत. त्या निर्णयाला माझा सलाम आहे.

पण फरक नीट बघा. बाबासाहेब शोषणातून बाहेर या म्हणत होते. त्यांनी त्या बायकांसमोर उभं राहून, त्यांच्याशी बोलून, पुढच्या जगण्याची भाषा केली. नभोवाणीचे बाबू काय म्हणत होते? तुझं गाणं हवं, तू नको. आणि त्या संध्याकाळी समाजमंदिरात मी काय म्हणत होते? तेच! सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन गायच्या, संसारी होत्या, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणून त्यांची लावणी पोरींच्या मोबाइलवर चालते. मावशी फडातली, म्हणून तीच लावणी तिच्या तोंडी आली की बाया हसतात. हाही दाखलाच झाला की. फक्त देणाऱ्या आपण.

गाण्याशी भांडा. शब्दांशी जरूर भांडा. पण गाणारीला उठवून बसवू नका.

आणखी एक टोचणारी गोष्ट. आपल्या शिबिरांत, प्रशिक्षणांत बाया ओव्या म्हणतात, गाणी रचतात. आपण मोबाइल काढतो, व्हिडिओ करतो, संस्थेच्या पानावर टाकतो. खाली लिहितो, 'ग्रामीण महिलेचे गीत'. कोणती महिला? नाव? गाव? तिला विचारलं होतं? फंडिंग देणाऱ्यांना तो व्हिडिओ आपण दाखवतो, अहवालात लावतो. कॅसेटवाल्यात आणि आपल्यात फरक काय? तो निदान लुगडं देऊन गेला.

हे वेगळ्या रीतीने करता येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'परी' या संकेतस्थळावर त्या आता येतात, आणि गाणारीचं नाव, गाव, जात, वय, काम सगळं लिहिलेलं असतं. ओवी म्हणणारी कुणी 'अनामिक' नाही.

तेव्हा माझ्या मागण्या सरकारकडे नाहीत, आपल्याकडे आहेत. आपल्या कार्यक्रमात रेकॉर्ड लावली तर गाणारीचं नाव माइकवर सांगा, ती कोण होती हे दोन वाक्यांत सांगा. गटातल्या बाईचं गाणं रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा, नाव लिहा, आणि वक्त्याला जसं मानधन देता तसं तिलाही द्या. 'सोज्वळ' आणि 'घरंदाज' हे शब्द आवाजाला लावणं सोडून द्या.

यंदाच्या आठ मार्चला मी मावशीकडे गेले आणि गायला या म्हटलं. ती म्हणाली, "किती देता?" गटाची बैठक घेतली. पाचशे रुपये द्यावे की नाही यावर दीड तास वाद झाला. गाण्याचे कसले पैसे, घरचाच कार्यक्रम, तिला दिले तर उद्या रांगोळी काढणारीही मागेल. मागू देत की, मी म्हटलं. शेवटी दोघींचा विरोध नोंदवून ठराव पास झाला. मावशी आली. गाण्याआधी तिने आपलं नाव सांगितलं, मोठ्याने, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाशिवाय. विरोध नोंदवणाऱ्या दोघी समोरच बसल्या होत्या. एकीने टाळी वाजवली, दुसरीने नाही. गाणं झाल्यावर मावशीने नोटा मोजून घेतल्या आणि रजिस्टरवर अंगठा दिला.

तुमच्या गटात गाणारीला काय मिळतं? आणि तिचं नाव तुम्ही कुठे लिहिता? जरूर कळवा.